नागाप्पाअण्णांचा बत्तिसावा नट

आमच्या शेजारच्या नागाप्पाअण्णांचा कुणावरच विश्वास नाही. हे मी निंदा म्हणून सांगत नाही, कौतुकानं सांगतोय. दूधवाल्यानं माप ओतलं की अण्णा आधी दुधाचा थेंब नखावर उभा करून बघतात. डॉक्टरनं गोळी लिहून दिली की तीन दुकानांत विचारतात, ‘ही कशाची ओ?’ माझं राजारामपुरीत नवव्या गल्लीच्या तोंडाला झेरॉक्सचं दुकान आहे. तिथं आले तर मूळ कागद आणि त्याची झेरॉक्स शेजारी शेजारी धरून ओळीनं वाचतात.

“अण्णा, मशीन हाय ते. जसंच्या तसं काढतंय.”

“मशीन हाय म्हनूनच बगतो. मशीनसंगं चौतीस वर्सं काढल्यात मी. तू न्हाय.”

आणि ते खरं आहे. अण्णा इचलकरंजीत यंत्रमागाच्या शेडमध्ये जॉबर होते, म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारे. ऐन उमेदीत एकदा आदल्या पाळीच्या जॉबरनं “आवळलाय नट, सोड माग” म्हणून सांगितलं आणि अण्णांनी विश्वासानं माग सोडला. नट ढिला होता. धोटा, म्हणजे मागात आडवं सूत नेणारा लाकडी ठोकळा, सुटून सरळ अण्णांच्या तोंडावर आला आणि पुढचे दोन दात घेऊन गेला. तेव्हापासून दुसऱ्यानं आवळलेला नट स्वतः पुन्हा आवळल्याशिवाय अण्णा कशाला हात लावत नाहीत. बसमध्ये चढताना चाकाकडं बघून चढतात. माझ्या स्कूटरवर मागं बसायच्या आधी मागच्या चाकाला पान्हा लावून घेतात, तोही स्वतःच्या खिशातला.

आणि त्यांना माझ्या स्कूटरवर बसायची पाळी का आली, तिथंच ही गोष्ट सुरू होते.

अण्णांची थोरली बहीण आक्काताई टेंबलाईवाडीत दोन खोल्यांत एकटी राहायची. आई लवकर गेल्यामुळं अण्णांना तिनंच वाढवलं. पंचाहत्तरीला आलेली, डोळ्यांत मोतीबिंदू, पण ऑपरेशनवर विश्वास नाही. घराणंच तसं. दिसत नाही म्हणून चूल बंद केलेली. मग रोज दुपारी बाराला इष्टलिंगाची पूजा आटोपून उंबऱ्यात बसायची, आणि अण्णा सायकलवरून डबा घेऊन जायचे. दानेश्वरीवहिनींच्या, म्हणजे अण्णांच्या बायकोच्या, हातची ज्वारीची भाकरी, एक भाजी, शेंगाची चटणी. अकरा वर्षांत खाडा नाही.

२००८च्या उन्हाळ्यात अण्णांचा गुडघा गेला. टेंबलाईचा चढ सायकलनं चढायचा नाही, असं डॉक्टर म्हणाले. तीन दुकानांत विचारून झालं, तिघांनीही डॉक्टरचीच री ओढली. मग तीन आठवडे मी त्यांना स्कूटरवरून नेलं. मला काय, तेवढ्यात टेंबलाईवाडीच्या बातम्या कळायच्या.

पण आक्का एक दिवस डबा न उघडताच म्हणाली, “नागू, माझ्या एका भाकरीपायी दोन दोन गडी राबायला लागले. ह्ये मला न्हाय पटत. तुझं तू येनार असशील तर ये. न्हाईतर शिवलीला सोमवारी येनार हाय, तिच्यासंगं मी हुबळीला जातो.”

शिवलीला म्हणजे तिची लेक. चांगली बाई, पण हुबळीचं घर तिसऱ्या मजल्यावर. तिथं उंबऱ्यात बसून गल्लीशी भांडायची सोय नाही. आक्काला जायचं नव्हतं, हे आंधळ्यालाही कळलं असतं. पण शब्द काढला होता, आणि ती शब्द मागं घेणाऱ्यातली नव्हती.

त्या वेळी गावात बॅटरीवर चालणाऱ्या सायकली नव्या नव्या आल्या होत्या. लायसन नको, पेट्रोल नको, पायडल मारायचं तर मारा, नाहीतर मूठ पिळा. शुक्रवारी अण्णा शाहूपुरीतल्या एका दुकानात गेले. सोबत मी, कारण मी नसलो तर तुम्हाला हे कोण सांगणार?

दुकानदार म्हणाला, “काका, जोडून, चार्ज करून, तयार गाडी देतो. फिटिंग फुकट.”

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. “फुकट का म्हनं?”

“कंपनीच देत्येय की,” मी म्हणालो.

“मग न्हाय पायजे. मला खोक्यातली द्या. न उघडल्याली.”

दुकानदारानं आपली जबाबदारी नाही म्हणून कागदावर सही घेतली. अण्णांनी तो कागद दोनदा वाचला, वर मला म्हणाले, “ह्येची झेरॉक्स दे.”

शनिवारी सकाळी आमच्या दोघांच्या दारापुढं सामायिक पडवीत चादर पसरून खोकं फोडलं. फ्रेम आणि मोटर बसवलेलं मागचं चाक जोडलेलंच होतं. बाकी पुढचं चाक, ते धरणारा चिमटा, हँडल, सीट, पायडलं, मडगार्ड, पुढची जाळी आणि बॅटरीचा काळा डबा, सगळं सुटं. बॅटरी पहिल्यांदा आठ तास चार्ज करायची होती. त्यासाठी वहिनींच्या मिक्सरचा प्लग काढला गेला. मध्ये तीन तास लोडशेडिंग. अण्णांनी लाईट गेल्याची आणि आल्याची वेळ लिहून ठेवली. शेवटी चार्जरचा लाल दिवा हिरवा झाला, तरी बॅटरी काढेनात.

“अवो, हिरवा झाला की,” वहिनी म्हणाल्या. “चटणी वाटायची हाय मला.”

“दिव्याला काय कळतंय? आठ तास भरू देत.”

पण मी पुढं पळालो. सकाळचं सांगतो. अण्णांनी पिशव्यांतले नट, बोल्ट, वायसर चादरीवर रांगेत मांडले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर काहीतरी आकडा लिहिला. कन्नड आकड्यांत. म्हणजे मला कळू नये म्हणून.

“काय लिवलं, अण्णा?”

“तुला कशाला पंचायत?”

आता तुम्हीच सांगा, असं म्हटल्यावर माणसानं काय करायचं? मी आत गेलो, पाण्याच्या मोटरीच्या डब्यातला एक जुना नट उचलला, रॉकेलनं जरा चमकवला, आणि अण्णा पाणी प्यायला उठले तसा चादरीवर रांगेत सरकवून दिला. बस, एवढंच.

अण्णांचं काम बघण्यासारखं होतं. चिमटा बसवून हँडल लावलं, पुढचं चाक चढवलं, डोळा लावून ते सरळ आहे का बघितलं. डावं पायडल उलटं फिरवून बसवायला लागले तेव्हा मी म्हणालो, “अण्णा, उलटं पिळायलाय.”

“डाव्या पायडलचे आटे उलटेच असत्यात. आता गप बस.”

चार वाजता सायकल दोन पायांवर उभी राहिली. आणि चादरीवर एक नट उरला.

अण्णा त्या नटाकडं पाच मिनिटं बघत बसले. मग सायकलीकडं. मी ओठ चावून भिंतीकडं तोंड केलं. मला वाटलं, आता शिव्या घालतील, कंपनीला घालतील, मग मी सांगीन, हसू. पण अण्णांनी पान्हा उचलला आणि सायकल पार सुटी केली. पुन्हा जोडली. अंधार पडायला आला, पुन्हा तोच नट उरला.

रविवारी सकाळी अण्णा दुसऱ्यांदा सायकल खोलायला बसले तेव्हा दानेश्वरीवहिनी माझ्या दारात आल्या. डोळे लाल.

“भावजी, शिवलीलाचा फोन आलता. उद्या साडेअकराला पोचत्येय. आन ह्यांचं बगा. आक्का गेली तर हे माणूस जेवायचं न्हाय ओ.”

चेष्टा कुठल्या कुठं गेली होती. मी पडवीत जाऊन अण्णांच्या समोर उकिडवा बसलो.

“अण्णा, एक सांगायचं हाय. त्यो नट माझा हाय.”

“म्हायती हाय,” अण्णा मान वर न करता म्हणाले. “कालच म्हायती हाय.”

“आँ?”

“खोकं उगडलं तवा एकतीस व्हते. कॅलेंडरावर लिवलंय. आन त्यो बत्तिसावा. तुझ्या पान्याच्या मोटरीचा हाय, रॉकेलचा वास मारतोय.”

“मग दोनदा सायकल खोलली कशाला?”

आता त्यांनी मान वर केली. “लेका, एक नट कुनी तरी आत ठेवला, तर एक कुनी तरी भाईर बी काढला असंल की. मोजून एकतीसच हायत, खरं त्येच एकतीस हायत का? तुझ्यासारखा मानूस शेजारी हाय म्हटल्यावर बगायला नगं?”

दुपारी एकला सायकल तयार झाली. वहिनींनी हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. अण्णांनी कपाळाला विभूती लावली आणि पडवीतून गल्लीत एक चक्कर मारली. तेवढी नीट झाली. तरी संशय संपला नाही.

“बाळासो, उद्या तू मागनं स्कूटर घिऊन यायचं. दोर आन पान्हा घिऊन. चढावर बॅटरी मेली तर वडायला पायजे. खरं आक्काच्या गल्लीत यायचं न्हाय. पिंपळाच्या कोपऱ्यावर थांबायचं. कळलं?”

“कळलं.”

सोमवारी पावणेबाराला आम्ही निघालो. अण्णा पुढं, डबा जाळीत, विजार क्लिपनं आवळलेली. मागं मी, स्कूटर इतकी हळू चालवत होतो की दोनदा बंद पडली. चढावर सायकल मंदावली. अण्णांनी वाकून बॅटरीला कान लावल्यासारखं केलं. पण ती चढली. पायडलाला पाय न लावता चढली. पिंपळाच्या कोपऱ्यावर अण्णांनी मला हातानं थांब म्हणून सांगितलं आणि वळले.

मी थांबायला पाहिजे होतं.

पण आक्का काय म्हणते, शिवलीला काय म्हणते, हे सगळं माझ्यामागं घडणार आणि मी पिंपळाखाली उभा? दोन मिनिटं थांबलो. मग स्कूटर सुरू करून सरळ दारात गेलो.

आक्का उंबऱ्यात बसलेली. शिवलीला बॅगेजवळ उभी. अण्णा डबा हातात धरून काहीतरी समजावत होते. माझ्या स्कूटरचा आवाज आला आणि आक्काचा चेहरा बदलला.

“आलं की न्हाय हे? मला सायकलीचा आवाज कुटं आलाच न्हाय. ह्येच्याच गाडीवरनं आलास तू, नागू. मला फशिवतोस व्हय?”

“आक्का, सायकलीला आवाजच नसतोय,” अण्णा म्हणाले.

“सायकलीला आवाज न्हाय? चेन हाय, चाक हाय, आन आवाज न्हाय? शिवलीला, बॅग उचल.”

अण्णांनी माझ्याकडं जे बघितलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. तो धोटा बरा, असं मला वाटलं.

“आक्का, देवाशप्पत, अण्णा स्वतःच आले. मी उगंच मागनं आलो,” मी म्हणालो.

“तुझी शप्पत नगं. चावी आन हिकडं.”

मी चावी दिली. तिनं ती पदराच्या गाठीत बांधली आणि मला शेजारी दगडावर बसवलं.

“नागू, डबा ठेव. टेंबलाईच्या देवळापातूर एकटा जा आन परत ये. ह्यो हितं बसल.”

अण्णा गेले. खरंच आवाज नाही. आक्का कान टवकारून ऐकत होती, मी रस्त्याकडं बघत होतो. देवळापर्यंत जाऊन यायला पाच मिनिटं पुरे. दहा झाली. पंधरा. शिवलीलानं बॅगेचा पट्टा हातात घेतला.

“आई, एकचा टाईम हाय गाडीचा.”

आक्काची बोटं पदराच्या गाठीवर फिरत होती. मला बॅटरी दिसायला लागली, चढ दिसायला लागला, गुडघा दिसायला लागला. दोर माझ्या स्कूटरला आणि चावी म्हातारीच्या पदरात.

बावीस मिनिटं झाली आणि घंटी वाजली. अण्णा आले. घामाघूम, हात कोपरापर्यंत काळे.

“काय झालं ओ, अण्णा?” मी ओरडलोच.

“काय न्हाय. देवळाजवळ गेलो आन ध्येनात आलं, काय आवाजच येत न्हाय. चौतीस वर्सं शेडमदी काडली, आवाज बंद झाला की समजायचं काय तरी तुटलंय. थांबून सगळं नट आवळून बगितलं. काय झालं नव्हतं.”

आक्कानं हात पुढं केला. अण्णांचा हात धरला, बोटं चाचपली, नाकाला लावली.

“ग्रीस हाय,” ती म्हणाली. “इचलकरंजीवरनं यायचास तवा असाच वास यायचा.” मग शिवलीलाकडं तोंड करून म्हणाली, “तू जा, पोरी. दिवाळीला ये.”

शिवलीलानं बॅग खाली ठेवली, मामाच्या पाया पडली. आणि हळूच मला म्हणाली, “मला म्हायतीच होतं, ती येनार न्हाय.”

आक्कानं डबा उघडला, भाकरीला हात लावला. “गार केलीस,” असं म्हणून जेवायला बसली. शेवटचा घास खाऊन तिनं हात धुतला.

मी उठलो. “आक्का, चावी.”

“उद्या ने. आज चालत जा. जाताना बी त्यो एकटाच गेला का न्हाय, मला कसं कळायचं?”

तर दोन वाजताच्या उन्हात मी टेंबलाईचा उतार चालत उतरलो. मागून कसलाही आवाज न करता अण्णा आले, माझ्यासमोर ब्रेक दाबून उभे राहिले आणि विजारीच्या खिशातून एक नट काढून माझ्या तळहातावर ठेवला. पाण्याच्या मोटरीचा.

“मोजून घे,” म्हणाले.

“एकच हाय की, अण्णा.”

“मोज म्हन्तोय न्हवं.”

मी मोजला. एक. मग ते गेले.