रोबोटच्या पाया पडताना

आता हसायचंच असेल तर हसा, पण कप खाली ठेवून हसा, नाहीतर ठसका लागेल. माती मी तशी बऱ्याचदा खाल्ली आहे. पण ज्या माणसाला एकदा तरी भेटायचं म्हणून लहानपणापासून वाट बघितली, त्याच्याच पुढ्यात खाल्ली, त्याचं काय करू?

आम्ही तेव्हा उल्हासनगरला राहायचो. शेजारच्या सिंधी आंटींकडे टीव्ही होता आणि त्यावर रविवारी अंतराळयानाची एक मालिका लागायची. त्या यानात एक रोबोट होता. उंच, पत्र्याचा, चौकोनी डोक्याचा. यान बिघडलं की कॅप्टन ओरडायचा, बाकीचे सैरावैरा पळायचे आणि हा शांतपणे झाकण उघडून म्हणायचा, "घाबरू नका. बिघाड सापडेल."

बाकीच्या मुलींना कॅप्टन आवडायचा. मला रोबोट. पत्र्याच्या आतल्या माणसाचा चेहरा कधी दिसलाच नाही, शेवटी फक्त नाव यायचं. पण त्याच्यापायी मी इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा केला. आज अंबरनाथ एमआयडीसीत एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. प्लांट बंद पडला आणि सगळे एकमेकांवर खेकसायला लागले की मी मनातल्या मनात तेच वाक्य म्हणते आणि पॅनल उघडते. बिघाड सापडतो हो, खरंच.

तर गेल्या हिवाळ्यात हेंद्रेपाड्याला लेकीच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं आणि पाहुणे म्हणून चक्क त्या रोबोटच्या आतले कलाकार येणार होते. मुख्याध्यापिका बाईंना मी बजावून ठेवलं, स्वागताला मीच उभी राहणार. ठेवणीतली साडी नेसले, गुच्छ घेतला आणि वेळेच्या कितीतरी आधी फाटकाशी जाऊन उभी राहिले.

गाडी गल्लीत शिरेना, म्हणून दोघंजण कोपऱ्यावरून चालत आले. एक चांगला धिप्पाड, रुंद खांद्यांचा. दुसरे सत्तरीचे, ठेंगणे, किडकिडीत, चौकडीच्या शर्टातले. आता तुम्हीच सांगा, यात रोबोट कोण?

गुच्छ मध्ये येत होता, तो मी त्या ठेंगण्या काकांच्या हातात दिला, "जरा धरता का?" म्हणून, आणि सरळ धिप्पाड माणसाच्या पाया पडले.

तो दचकून मागे सरकला. "अहो मॅडम, मी नाही..."

"मोठी माणसं असंच म्हणतात," मी म्हटलं, आणि माझी गाडी सुटली. आंटींचा टीव्ही, डिप्लोमा, एमआयडीसी, सगळं सांगितलं. त्याने मध्ये बोलायचा प्रयत्न केला, मी बोलू दिलं नाही. रोबोट कसा चालायचा, तेसुद्धा साडीत चालून दाखवलं. वॉचमन बघत होता, स्टँडवरचे रिक्षावाले बघत होते. शेवटी हात जोडून म्हटलं, "सर, ते वाक्य एकदा म्हणा ना. माझं अख्खं आयुष्य त्या वाक्यावर उभं आहे."

धिप्पाड माणसाने माझ्या मागे पाहिलं.

आणि मागून आवाज आला. तोच घोगरा, एकेक शब्द तोडून म्हटलेला. "घाबरू. नका. बिघाड. सापडेल."

अंगावर सर्रकन काटा आला. वळून बघते तर ठेंगणे काका, गुच्छ छातीशी धरून उभे.

"पत्र्याच्या आत पायाखाली लाकडी ठोकळे असायचे," ते समजावल्यासारखं म्हणाले. "उंची सगळी त्यांचीच."

तोंड कुठे लपवू असं झालं मला. माफी मागायला गेले, तर त्यांचेच डोळे भरून आले. म्हणाले, "कॅप्टनला लोक अजून रस्त्यात थांबवतात. मला कोण ओळखणार? त्या डब्यात घामाने जीव जायचा, तेव्हा वाटायचं, हे बघतंय तरी कोण? तू बघत होतीस तर."

मग मला शहाणपण सुचलं. धिप्पाड माणूस पिशवी आणि पाण्याची बाटली सांभाळत उभा होता, म्हणजे हा ड्रायव्हर. झालं ते निस्तरावं म्हणून मी पुढाकार घेतला. त्याला म्हटलं, दादा, सरांना मी नेते, तुम्ही मागे स्कूलबसच्या ड्रायव्हरांबरोबर वडापाव खाऊन घ्या. तो काहीतरी म्हणणार होता, पण एव्हाना त्याला माझा अनुभव आला होता. गेला बिचारा.

प्रदर्शनात सर प्रत्येक टेबलापाशी थांबले. एका मुलीची पवनचक्की ऐनवेळी बंद पडली होती आणि ती रडायच्या बेतात होती. सर तिला म्हणाले, "थांब, आमच्या इंजिनिअर बाई बघतील." मी खाली वाकले. वायर सुटली होती, ती जोडली, पाती गरगर फिरली. पहिली टाळी त्यांनी वाजवली. साक्षात रोबोटने माझ्या दुरुस्तीला टाळी वाजवली, अजून काय पाहिजे?

निघताना मी गाडीपर्यंत सोडायला गेले आणि अदबीने मागचं दार उघडून धरलं. सर पुढे गेले आणि स्टिअरिंगवर बसले.

"सर, गाडी तुम्ही चालवता?"

"मग कोण चालवणार? आमच्या जावईबापूंना शिळफाट्याचं ट्रॅफिक झेपत नाही."

जावईबापू रुमालाला हात पुसत मागून येत होते. मी ओशाळून, काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, आपण काय करता?

"ठाण्याला दवाखाना आहे. डोळ्यांचा," ते म्हणाले आणि खिशातलं कार्ड माझ्या हातात ठेवलं. "तुम्ही एकदा येऊन जाच."