पाण्यात घाई नाही

पाण्याखाली नुसतं पोहत फिरायच्या एका गेमवर मी इंग्रजीत मोठा रिव्ह्यू लिहिला होता. समीक्षक म्हणतात तसा तो संथ आहे, पण रंग सुंदर आहेत, असं सगळं तोलूनमापून. तो रिव्ह्यू कुणीच वाचला नाही. पुंडलिकनगरच्या माझ्या मावसबहिणीनं त्याच गेमवर मराठीत तीनच ओळी लिहिल्या: "लोक म्हणतात, यात काहीच घडत नाही. आमच्याकडं आठ दिवसांनी नळाला पाणी येतं, तेव्हा अख्खं घर पळत असतं. पाण्यात असून घाई नाही, हे मी पहिल्यांदाच बघितलं." तिला शेकडो लाइक आले. तसे पळत ड्रम मीही भरले होते, पण मला हे सुचलं नव्हतं.

परदेशातले खेळाडू अर्थ विचारू लागले, तेव्हा ती माझ्याकडं आली. "ताई, तू कॉन्व्हेंटवाली. इंग्लिशमध्ये करून दे ना. माझं इंग्लिश वाचून मासे पळून जातील."

मी करून दिलं. शेवटचं वाक्य तेवढं गाळलं आणि तिथं 'खूप शांत वाटतं' असं लिहिलं. तिनं ते दोनदा वाचलं. "तू लिहिलंस म्हणजे बरोबरच असणार," म्हणाली आणि तसंच टाकून दिलं. ते वाक्य परत घालायला मी तिच्याकडं फोन मागितला नाही.