भाईंची दुसरी खुर्ची

भाई टिपणीसांच्या सभेला व्यासपीठावर दोन खुर्च्या असत. एक भाईंची, दुसरी रिकामी. भाषण पटलं नाही तर कोणीही उठावं, त्या खुर्चीत बसावं आणि माईक मागावा, हा त्यांचा नियम. वकिली पनवेलच्या कोर्टात आणि जीव कोपरासभेत, असा हा माणूस. माईक, सतरंजी, खुर्च्या आणायचं काम माझं, त्यामुळे मला भाईंचा ताप आणि तमाशा दोन्ही जवळून बघायला मिळाले!

अमेरिका इराकवर चाल करून जायच्या धमक्या देत होती, त्या दिवसांत तर भाईंना ऊत आला होता. सकाळी पेपर हातात घेऊनच ते आमच्या दारात उभे. "अरे, धमकी कोणाला दिली ते पेपरात येतं. ती कोणाला ऐकवायची होती, ते शोध! ऐकणारे घरचेच असतात. मतदार असतात!" चहा निवून जाई, पण भाई थांबत नसत.

टपाल नाक्यावर सभा ठरली. नगरपालिकेची निवडणूक जवळ आली होती, भाईंचं तिकीट जवळजवळ नक्की होतं आणि पक्षाची मंडळी पुढच्या रांगेत बसली होती. माणसं दुकानांच्या पायऱ्यांवरही उभी होती. भाई असे काही पेटले की माझ्या अंगावर काटा आला. "इराकचा हा हुकूमशहा इराणशी लढत होता तेव्हा त्याच्या पाठीवर हात कोणाचा होता? अमेरिकेचा! त्याने आपल्याच माणसांवर विषारी वायू सोडला, तेव्हा ही सज्जन मंडळी कुठे बघत होती?" टाळ्यांनी नाका दणाणला.

आणि त्या टाळ्यांतून हमीद इंजिनिअर चालत आले.

हे भाईंचे शाळेपासूनचे मित्र, त्यांना 'दत्ता' म्हणणारे. इराकमध्ये रस्ते बांधायला काही वर्षं राहिलेले. पहिल्या आखाती युद्धाच्या वेळी भाईंनी त्याच हुकूमशहाचा फोटो मोर्चात मिरवला होता. "दत्ता, तो जुलमी आहे, मी बघून आलोय," असं हमीद सांगायला गेले, तर भाईंनी त्यांना चारचौघांत अमेरिकेचा दलाल म्हटलं. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं.

हमीद शांतपणे रिकाम्या खुर्चीत बसले. माझ्या शेजारचा पुटपुटला, "आता काय खरं नाय भाईंचं!" मी माईक त्यांच्या हातात दिला.

"दत्ता, अमेरिकेबद्दल बोललास ते सगळं कबूल," हमीद म्हणाले. "एवढंच सांग. तो फोटो तू कोणाला दाखवायला उचलला होतास?"

भाई म्हणजे उलटतपासणीत भल्याभल्यांना घाम फोडणारे. आता एखादा टोला हाणतील आणि सुटतील, असंच मला वाटलं. पुढच्या रांगेतून कोणीतरी "भाई, विषय बदला" अशी खूणही केली. भाईंनी चष्मा काढला.

"मोहल्ल्याला," ते म्हणाले. "तेव्हाही निवडणूक होती. मला तुमच्या लोकांची मतं हवी होती. तो कसला माणूस आहे हे तू सांगितलंस, आणि मला ते पटलंही होतं. तरी तुला दलाल म्हणालो. हमीद, मी चुकलो."

पुढच्या रांगेतली मंडळी उठून चालती झाली. हमीदही उठले. गेले, असं मला वाटलं. पण त्यांनी भाईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि माईक त्यांच्यापुढे धरला. "आता बोल. आता ऐकतो."

काय बोलले भाई त्या संध्याकाळी! घसा बसला तरी थांबेनात, आणि हमीद अगदी जवळ उभे राहून मान डोलवत होते. मला तर आनंदाने ओरडावंसं वाटत होतं.

युद्ध व्हायचं ते झालंच. भाईंचं तिकीट कापलं गेलं ते कायमचं. पुढे काही वर्षांनी भाई गेले. शोकसभेत मंडळींनी त्यांचे मोर्चे आणि तुरुंगवास आठवले, निवडणुकीचा विषय मात्र सगळ्यांनी टाळला. शेवटी हमीद उभे राहिले.

"त्याने मतं घालवली आणि मला परत मिळवलं," ते म्हणाले. "हा सौदा तोट्याचा होता असं मला तो एकदाही म्हणाला नाही." आणि भरल्या सभेत तोंडावर रुमाल धरून ते रडू लागले.