हेसलचा रविवार

आमच्या कोळ्यांच्या गावात रविवारी कोणी सायकलसुद्धा बाहेर काढत नाही. दोनदा चर्च, मधे सूप, बस्स. फुटबॉल शनिवारी. हेसल आमचा सेंटर फॉरवर्ड, जाळी विणणाऱ्या लुब्बर्टचा एकुलता एक. गोलची जाळीही लुब्बर्टनेच विणलेली. दर शनिवारी तो तिच्यामागे उभा राहून पोराचे गोल बघायचा, हसू दाबत.

मग हेसलला शहरातल्या मोठ्या क्लबचं बोलावणं आलं. तिथले सामने रविवारी.

"देवाचा दिवस विकणाऱ्याला या घरात जागा नाही," लुब्बर्ट म्हणाला.

हेसल गेला. तिकडे त्याने खोऱ्याने गोल मारले, पण घरात त्याचं नाव निघायचं नाही. आईच्या अंत्यविधीला तो मागच्या बाकावर बसला, तेव्हा बापाने मानही वळवली नाही. मी त्यांचा शेजारी, मला दोघांचाही राग यायचा. बाप तसा बेटा!

पुढे गुडघा गेला आणि हेसल प्रशिक्षक झाला. नाव झालं, मोठे क्लब मिळाले. ते सगळं सोडून तो आमच्या फुटकळ क्लबात आला.

"मेंडर्टकाका, इथे शनिवारी खेळतात," तो मला म्हणाला. "आता तरी बाबा येतील."

बाबा आले नाहीत. दोन वर्षं नाही.

गेल्या महिन्यात लुब्बर्टने स्वतःहून माझं दार वाजवलं. तोवर त्याचे डोळे पार गेले होते.

"मला मैदानावर ने."

"दिसत होतं तेव्हा काय झोपला होतास?" मी बोललोच.

"झोप कसली येतेय," तो म्हणाला.

सामनाभर तो पेपरमिंट चघळत बसला. लोक पांगल्यावर हळूच विचारलं, "केस पिकले का रे त्याचे?"

"सगळे."

"गेला तेव्हा पिवळेधमक होते."

तेवढ्यात हेसल समोर येऊन उभा राहिला. "बाबा."

लुब्बर्टने मान वर केली. "एक गोल मार. दिसणार नाही, ऐकतो तरी."

हेसलने बॉल ठेवला, लंगडत धावला, मारला. बॉल खांबाबाहेरून गेला.

"गोल!" मी ओरडलो.

"गप रे मेंडर्ट. जाळी माझी आहे. हलली नाही."

हेसलने पुन्हा मारला. गुडघ्याने दगा दिला आणि तो गवतावर कोसळला. उठेना. पिकल्या केसांचा माणूस पोरासारखा हुंदके देत होता, आणि मला बघवत नव्हतं.

लुब्बर्ट काठी टेकत आवाजाच्या रोखाने गेला. वाकून चाचपत त्याने पोराचं डोकं शोधलं.

"दमलास. राहू दे आता. उद्या मार, मी येतो."

उद्या रविवार होता.