कुणाचं बघून लिहू?

सहावीच्या वर्गात मी प्रश्नावली वाटली. शाळेत करमतं का, मनातलं बोलायला कुणी आहे का, असे साधे प्रश्न. तास संपण्याआधी कागद गोळा करायचे होते. मुलांना ती परीक्षाच वाटली आणि सगळे शेजाऱ्याचं बघून ‘हो’ लिहू लागले. रागावणार कशी? स्टाफरूममध्ये सगळे ‘मजेत’ म्हणतात, म्हणून मीही ‘मजेत’ म्हणते आणि डबा एकटीच खाते.

शेवटच्या बाकावर एकटी बसलेली नवी मुलगी मात्र थांबली होती.

“लिही ना गं.”

“बाई, माझ्या शेजारी कुणीच नाही. कुणाचं बघून लिहू?”

“बाई, ही नापास!” पुढून कुणीतरी ओरडलं.

मी तिच्या शेजारी जाऊन बसले. तिने चटकन कागदापुढे हात आडवा धरला आणि लिहू लागली. मी खिडकीबाहेर पाहत राहिले.