गजभिये काकांच्या वहीतली खोडलेली ओळ

गजभिये काकांवर मी भर मीटिंगमध्ये खोटा आळ घेतला होता.

काल ते गेले. आज हे लिहिलं नाही तर मी कधीच लिहिणार नाही, मला माझा स्वभाव माहीत आहे.

काका आमच्या ऑफिसात फील्ड असिस्टंट होते. आम्ही एसीत बसून उपग्रहाच्या रडार प्रतिमा वाचायचो. त्या जमिनीवर खऱ्या आहेत का, हे चिखलात उतरून बघायचं काम त्यांचं.

हातात खुणा केलेला बांबू, काखेत लांब वही.

तपासायच्या प्रत्येक जागेला, पॉइंटला, आम्ही नंबर द्यायचो. काका नंबरापुढे शेतमालकाचं नाव लिहायचे. आधी परवानगी विचारायची, मग चपला काढून बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, उतरायचं, हा त्यांचा नियम.

मी नवी होते. एमटेक ताजं होतं, डोकं हवेत होतं.

"मॅडम, तुमचा उपग्रह चप्पल काढून बांधीत उतरते का?" असं चिडवायचे मला.

मी हसायचे. मनातून मात्र वाटायचं, यांना काय कळतंय पोलरायझेशन.

सहा वर्षांपूर्वी धरणाचं पाणी सोडलं आणि मौद्याच्या पुढची गावं पाण्याखाली गेली. वर ढग इतके, की साध्या उपग्रहाला काही दिसेना. रडार ढगांच्या पार बघतं. त्यामुळे कुठे पाणी शिरलंय याचा नकाशा आमच्याकडून जाणार होता, आणि पंचनाम्याची पहिली यादी त्यावरून होणार होती.

थोडं सांगते, नाहीतर माझी चूक कळणार नाही.

मोकळ्या पाण्यावरून रडारची लहर घसरून निघून जाते. म्हणून प्रतिमेत पाणी काळं दिसतं.

पण पाण्यातून धान वर डोकावत असेल, तर लहर आधी पाण्यावर आपटते, मग धानाच्या दांड्यांवर, आणि जोरात परत येते. बुडालेली बांधी पांढरी चमकते. कोरडी असल्यासारखी.

यावर उपाय आहे, तेच ते पोलरायझेशन. आपण लहर आडवी पाठवतो. त्यातली किती आडवीच परत आली आणि किती उभी होऊन आली, याच्या दोन वेगळ्या प्रतिमा मिळतात. बुडालेलं धान पहिलीत चमकतं, दुसरीत मंद दिसतं. दोन्ही शेजारी ठेवून बघायच्या. बस, एवढंच.

मी घाईत एकच उघडली.

सकाळी साडेदहाला काकांचा फोन आला.

"मॅडम, मी सतरा नंबरवर उभा हाय. इथं कमरेइतकं पानी हाय. तुमचा नकाशा कोरडं काहून दाखवून राहिला?"

"काका, तुम्ही बाजूच्या बांधीत असाल. जीपीएस परत बघा."

"दोनदा पाह्यलं जी. शेवंताबाईची बांधी हाय. बाई बाजूलेच उभी हाय माह्या."

"बरं, बघते," म्हटलं आणि फोन ठेवला.

बघितलं नाही. दुपारी नकाशा पाठवला. त्यात ते गाव कोरडं होतं.

पहिल्या यादीतून आख्खं गाव सुटलं. लोक ऑफिसच्या दारात आले, मीटिंग लागली. साहेबांनी विचारलं, "फील्डवरून माहिती कधी आली होती?"

मी म्हटलं, "उशिरा आली सर. नकाशा गेल्यावर."

काका दाराजवळच्या खुर्चीत बसले होते. वही मांडीवर होती.

त्यांनी ती उघडली नाही.

त्यांना मेमो मिळाला आणि फील्ड सुटलं. रिटायर होईपर्यंतची दोन वर्षं त्यांनी स्टोअरमध्ये कागदांची रिमं लावत काढली. ज्या माणसाला टेबलापाशी अर्धा तास बसवत नव्हतं, तो माणूस.

त्या दिवशी मीटिंग संपल्यावर काका जीपपाशी उभे होते, मी तिथे गेले. रडायलाच लागले.

"काका, वही का नाही दाखवली?"

"बस वं पोरी, रडू नको. तुही नोकरी अजून पक्की नाही झाली. माह्ये दोनच वर्स राहिले." मग म्हणाले, "पन त्या गावात जाय. माह्यासाठी नाही, शेवंताबाईसाठी जाय."

एरवी कायम मॅडम म्हणायचे. पोरी तेवढं एकदाच.

मी गेले. नकाशा दुरुस्त केला, दुसऱ्या यादीत गाव आलं. शेवंताबाईंना म्हटलं, "उपग्रहाची चूक झाली हो."

उपग्रहाची काही चूक नव्हती. त्यानं दोन्ही प्रतिमा पाठवल्या होत्या.

पुढे माझी नोकरी पक्की झाली, प्रमोशनही झालं. नव्या पोरांना शिकवताना हेच उदाहरण देते, 'एका ऑपरेटरची चूक' म्हणून. माझं नाव कधीच घेतलं नाही.

काल नंदनवनला त्यांच्या घरी गेले. त्रिशरणाची प्रार्थना झाली. त्यांची मुलगी प्रणाली आतून ती वही घेऊन आली.

"बाबा म्हनत होते, मॅडमले देजो."

घरी येऊन त्या दिवसाचं पान काढलं.

सतरा. शेवंताबाई. पाणी कमरेपर्यंत. साडेदहा.

त्याखाली एक ओळ होती. पेनानं इतकी गिरवून खोडलेली, की कागद फाटायला आला होता. उजेडाकडे धरली तेव्हा वाचता आली.

'मॅडमले फोनवर सांगितलं.'

मला वाचवायला या माणसानं स्वतःचा एकमेव पुरावा खोडला होता. आणि मी सहा वर्षं गप्प होते. मला लाज वाटते.

आज सकाळी ऑफिसला पत्र दिलं आहे. तो मेमो चुकीचा होता, चूक माझी होती, असं स्पष्ट लिहिलं आहे. त्याचं जे व्हायचं ते होवो. ते काकांच्या हयातीत द्यायला हवं होतं.

आणि काका, तुम्ही खोडलेली ओळ मी इथे सगळ्यांसमोर परत लिहिते.

सकाळी साडेदहाला गजभिये काकांनी मला फोनवर सांगितलं होतं.

मी ऐकलं नव्हतं.

काका, तुम्हाला मनापासून आदरांजली. माफी मागायला मी उशिरा आले.