वाच गं, मी कशी आहे

शेजारच्या सुमनकाकू रोज सकाळी माझ्यापुढे मनगट धरतात, कासारापुढे धरावं तसं. त्यांचं हृदय कमजोर आहे. हॉस्पिटलने बांधलेला पट्टा त्यांचे ठोके परस्पर तिकडे कळवतो. पट्ट्यावरची हिरवी अक्षरं इंग्रजी.

"वाच गं, मी कशी आहे आज?"

"स्टेबल. म्हणजे ठीक."

"ठीक ना? मग दम लागतो तो माझ्याच मनाचा खेळ."

मला संताप येतो. हृदय त्यांचं, आणि त्याची बातमी त्यांनाच वाचता येऊ नये! वर त्यांनी स्वतःच्या छातीला खोटं पाडून त्या हिरव्या शब्दावर विश्वास ठेवायचा. शाळेत मी इंग्रजी शिकले. ते कुणाला तिच्याच श्वासाबद्दल गप्प करायला उपयोगी पडेल, असं वाटलं नव्हतं.

काल हॉस्पिटलमधून फोन आला. त्यांच्याकडे नंबर माझाच दिलेला आहे. "पेशंट बरे आहेत ना?" नर्सने मला विचारलं. काकू समोरच लसूण सोलत होत्या. फोनवर मी हो-नाहीपलीकडे जात नाही. काल मात्र म्हणाले, "त्या इथेच बसल्यात. त्यांनाच विचारा." आणि फोन स्पीकरवर टाकला.

काकूंनी आधी पदर सावरला. "आठवडा झाला, आडवं पडलं की गुदमरतं. तीन उशा लागतात. पायही सुजलेत."

नर्सचा आवाज चढला. "अहो आजी, आधी नाही का सांगायचं? आजच्या आज या!"

"विचारलंत आजच ना," काकू म्हणाल्या.